झोपायच्या खोलीतल्या कुंड्या, रात्रीचा कार्बन डायऑक्साइड आणि झाडाचा जमाखर्च

ताई, तुमचा प्रश्न मला समजला तो असा. झोपायच्या खोलीत पाच कुंड्या आहेत. सासूबाई म्हणतात, रात्री झाडं वाईट वायू सोडतात, कुंड्या गॅलरीत काढ. नर्सरीवाल्याने मात्र त्यातलंच स्नेक प्लांट ‘रात्रीही ऑक्सिजन देणारं’ म्हणून चढ्या भावाने विकलं. या वादात तुमच्या नववीतल्या मुलीने विचारलं, की प्रकाशसंश्लेषण आणि श्वसन एकमेकांच्या उलट असतील, तर एकाने केलेलं दुसऱ्याने मोडलं. मग झाडाला उरतं काय?

तिघांत मुलीचा प्रश्न सगळ्यात चांगला. त्याचं उत्तर नीट मिळालं की बाकीचे दोन आपोआप सुटतात, म्हणून तिथूनच सुरुवात करतो. तोवर घरात शांतता राहावी म्हणून निकाल आधीच सांगतो: कुंड्या राहू द्या, खिडकी किलकिली ठेवा. खिडकी उघडायची ती झाडांमुळे नाही, तुम्हा माणसांमुळे. कसं ते पुढे आकड्यांत येईल.

मी सांगली जिल्ह्यात एकतीस वर्षं अकरावी-बारावीला जीवशास्त्र शिकवलं. दरवर्षी जूनमध्ये मुलं एक वाक्य पाठ करूनच यायची: ‘वनस्पती दिवसा प्रकाशसंश्लेषण करतात आणि रात्री श्वसन करतात.’ जणू कारखान्यात दोन पाळ्या लागल्या आहेत. सगळ्या गोंधळाचं मूळ या वाक्यात आहे. श्वसनाला पाळी नसते. ते चोवीस तास चालू असतं, भर दुपारच्या उन्हातही. दिवसा ते आपल्याला दिसत नाही एवढंच, कारण हिरव्या पानात त्याच वेळी प्रकाशसंश्लेषण दसपट किंवा जास्त वेगाने चालू असतं आणि श्वसनातून निघालेला कार्बन डायऑक्साइड पानातल्या पानात वापरला जातो. संध्याकाळी मोठा आवाज थांबला की बारीक आवाज ऐकू येतो, तसं हे.

दुसरा घोटाळा ‘श्वसन’ या शब्दाचाच. श्वास घेणं हे छातीच्या भात्याचं काम, आणि झाडाला भाता नाही. आपण बोलतोय ते पेशीच्या आतल्या श्वसनाबद्दल: साखर हळूहळू, टप्प्याटप्प्याने ‘जाळायची’ आणि निघालेली ऊर्जा कामाला लावायची. ते तुमच्या बोटाच्या पेशीत, मुंगीत, कणकेतल्या यीस्टमध्ये आणि मोड आलेल्या मटकीतही चालतं.

मटकीचा प्रयोग मुलीकडून करवून घ्या. दोन थर्मास घ्या. एकात मोड आलेली मटकी, दुसऱ्यात तीच उकडून गार केलेली. तोंडाला कापसाचा बोळा, त्यातून आत थर्मामीटर. तापाचा नको, प्रयोगशाळेतला घ्या. दुसऱ्या दिवशी मोड आलेल्या मटकीचं तापमान काही अंशांनी चढलेलं दिसेल. पहिल्यांदा हा प्रयोग मांडला तेव्हा मी उकडलेली मटकी तशीच ठेवली होती. तिसऱ्या दिवशी ‘मेलेल्या’ मटकीचा थर्मास जिवंत मटकीपेक्षा गरम! वर्ग खो खो हसला. झालं होतं असं, की उकडलेल्या मटकीवर जिवाणूंनी पंगत मांडली होती आणि ऊब त्यांच्या श्वसनाची होती. तेव्हापासून उकडलेले दाणे जंतुनाशकात बुडवून मग भरायला लागलो.

याच मटकीत वजनाचं एक कोडं आहे. मटकी भिजून मोड आले की वजन दुपटीच्या पुढे जातं, ते पाण्यामुळे. पण मोड आलेली मटकी पुन्हा कडकडीत वाळवून तोला, सुरुवातीच्या कोरड्या मटकीपेक्षा कमी भरेल. थोडं भिजवणीच्या पाण्यातून गेलं हे खरं, पण बाकीचं हवेत गेलं. बीमधला पिष्टमय साठा मोडला, त्यातला कार्बन कार्बन डायऑक्साइड होऊन निघून गेला. पानं फुटून हिरवी होईपर्यंत रोपाची कमाई शून्य असते, आईने बांधून दिलेल्या शिदोरीवर चाललेलं असतं.

कमाई सुरू झाल्यावर काय होतं, ते बेल्जियमच्या व्हान हेल्मोंटने जवळपास चारशे वर्षांपूर्वी तोलून पाहिलं. 200 पौंड वाळवलेल्या मातीत त्याने 5 पौंडांचं विलोचं रोप लावलं आणि पाच वर्षं फक्त पाणी घातलं. झाड 169 पौंडांचं झालं, आणि माती घटली जेमतेम दोन औंस. त्याने निष्कर्ष काढला, की झाड पाण्यातून बनतं. हा वृत्तांत 1648 मध्ये, त्याच्या मृत्यूनंतर छापला गेला. निष्कर्ष अर्धाच बरोबर होता. पाणी लागतंच, पण लाकडातला कार्बन हवेतून येतो. ज्या वायूला घाबरून सासूबाई कुंड्या बाहेर काढायला सांगताहेत, त्याच वायूतून घरातला सागवानी पलंग बनलाय.

आता ‘उलट’ या शब्दाकडे येऊ. कागदावरची समीकरणं खरोखर उलट दिसतात. एकात कार्बन डायऑक्साइडचे सहा रेणू आणि पाण्याचे सहा रेणू मिळून ग्लुकोजचा एक रेणू होतो आणि ऑक्सिजनचे सहा रेणू सुटतात. दुसऱ्यात नेमकं उलट. पण पुण्याहून सांगलीला जाणं आणि सांगलीहून पुण्याला येणं उलट असलं, तरी एक प्रवास रेल्वेने आणि दुसरा एसटीने होऊ शकतो. इथे तसंच आहे. जागा वेगळ्या, यंत्रं वेगळी, वाटेतली स्टेशनं वेगळी.

प्रकाशसंश्लेषण हरितलवकात, म्हणजे पेशीतल्या हिरव्या कणांत होतं. हरितद्रव्यावर प्रकाश पडला की पाण्याचा रेणू फुटतो. त्यातला ऑक्सिजन बाहेर टाकला जातो. हे मुलीने वहीत ठळक लिहावं: झाडाने सोडलेला ऑक्सिजन पाण्यातला असतो, कार्बन डायऑक्साइडमधला नव्हे. कॅलिफोर्नियात रूबेन, कामेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1941 मध्ये जड ऑक्सिजन (नेहमीपेक्षा वजनदार अणूंचा, म्हणून ओळखू येणारा) घातलेलं पाणी वापरून हे तपासलं. स्नेक प्लांटच्या जाहिरातीचा फुगा याच टाचणीने फुटणार आहे, म्हणून लक्षात ठेवा.

पाणी फुटून सुटलेले इलेक्ट्रॉन एका साखळीतून हातोहात पुढे जातात आणि त्या ओघात प्रोटॉन एका पडद्याच्या आत कोंडले जातात. कोयनेचं धरण डोळ्यांसमोर आणा. पाणी उंचावर अडवलंय, ते खाली सोडलं की टर्बाइन फिरतं. कोंडलेले प्रोटॉनही एका फिरत्या रेणूतून बाहेर पडतात आणि त्या फिरण्यातून एटीपी तयार होतं. तुमच्या मुलीच्या पुस्तकांत त्यालाच ऊर्जेचं चलन म्हणतात. हे चलन खर्चून हरितलवक हवेतला कार्बन पकडतं आणि साखर बांधतं. या दुसऱ्या टप्प्याचा माग लावल्याबद्दल मेल्विन काल्विनला 1961 चं नोबेल मिळालं.

श्वसनाची सुरुवात पेशीद्रव्यात होते आणि बाकीचं काम तंतुकणिकेत (मायटोकॉन्ड्रियात). ग्लुकोज आधी दोन तुकड्यांत मोडतो, मग क्रेब चक्रात त्याचा कार्बन सुटा होऊन निघून जातो, आणि इलेक्ट्रॉन पुन्हा एका साखळीत. पुन्हा प्रोटॉन कोंडले जातात, पुन्हा तसंच टर्बाइन, पुन्हा एटीपी. शेवटी थकलेले इलेक्ट्रॉन ऑक्सिजन घेतो आणि पाणी होतं. श्वासातला ऑक्सिजन लागतो तो इथे, या शेवटच्या पायरीवर. तो नसेल तर मागची सगळी रांग तुंबते. एका ग्लुकोजमागे जुन्या पुस्तकांत 36 किंवा 38 एटीपी दिलेले असतात, आताचा हिशोब 30 ते 32 चा आहे. परीक्षेत मात्र तिने तिच्या पुस्तकातला आकडा लिहावा, तिथे वाद घालून गुण मिळत नाहीत.

दोन्हीकडे तीच धरण-टर्बाइनची युक्ती आहे, हे पीटर मिचेलने 1961 मध्ये मांडलं तेव्हा फारसं कुणी मानलं नाही. नोबेल 1978 मध्ये मिळालं. म्हणून मी मुलांना सांगायचो, या दोन क्रिया उलट कमी आणि चुलत बहिणी जास्त.

तर मग उरतं काय? पगार आणि घरखर्च ‘उलट’ असले म्हणून महिनाअखेरीला हाती शून्यच राहतं असं नाही. झाड दिवसा जेवढा कार्बन पकडतं, त्यातला ढोबळमानाने अर्धा त्याच्या स्वतःच्या श्वसनात जातो. उरलेल्यातून खोड, मुळं, फळं, बिया होतात. हे प्रमाण झाडाच्या वयावर, उन्हावर, तापमानावर हलतं. रात्री उकाडा जास्त असेल तर खर्च वाढतो. जुनी, मोठी झाडं बरीचशी आली कमाई गेला खर्च अशी चालतात. कोवळं रोप झपाट्याने शिल्लक टाकतं.

आता खोलीचा हिशोब. 12 बाय 10 ची, 10 फूट उंचीची खोली धरू. आत सुमारे 34,000 लिटर हवा. झोपलेला माणूस तासाला अंदाजे 10 ते 12 लिटर कार्बन डायऑक्साइड सोडतो. नवरा-बायको दोघं, आठ तास: 160 लिटरच्या वर. कुंडीतल्या मध्यम रोपाच्या पानांचं क्षेत्रफळ पाव चौरस मीटर धरलं, तर ते रात्री तासाला फार तर 20 मिलिलिटर सोडेल. पाच कुंड्या, आठ तास: 800 मिलिलिटर. एक लिटरसुद्धा नाही. कुंडीतल्या मातीत जिवाणू असतात, तेही श्वसन करतात, म्हणून आकडा दुप्पट करा. तरी दोन माणसांच्या शंभरावा हिस्सा. वायूच्या भीतीने कुणाला खोलीबाहेर काढायचंच असेल, तर झाडांचा नंबर शेवटी लागेल. (हे सासूबाईंना सांगताना शब्द बदला.)

खोली अगदी हवाबंद असती, तर सकाळपर्यंत कार्बन डायऑक्साइड अर्ध्या टक्क्यापर्यंत गेला असता; बाहेरच्या हवेत तो 0.04 टक्क्याच्या आसपास असतो. प्रत्यक्षात दारांच्या फटी असतात, त्यामुळे इतका चढत नाही. पण एसी लावून सगळं गच्च बंद केलं की सकाळी डोकं जड वाटतं, त्यात या साठलेल्या हवेचा वाटा असू शकतो. ऑक्सिजनची काळजी तर सोडूनच द्या. त्या खोलीत 7,000 लिटर ऑक्सिजन आहे आणि दोघांना रात्रभरात अडीचशे लिटरही पुरतो.

याच मापाने दिवसाचा फायदाही मोजा, म्हणजे नर्सरीवाल्यालाही न्याय मिळेल. खोलीच्या कोपऱ्यात दुपारच्या उन्हाच्या एक टक्काही प्रकाश नसतो. तेवढ्या उजेडात बरीच रोपं कमाई आणि खर्चाची जेमतेम तोंडमिळवणी करतात. ती जगतात, पण तुमच्यासाठी ऑक्सिजनची टाकी भरत नाहीत. रोपं खोलीतली हवा शुद्ध करतात याला पुरावा म्हणून अमेरिकेच्या नासाचं 1989 चं काम पुढे केलं जातं. ते बंदिस्त, छोट्या पेट्यांमध्ये, बेंझीन आणि फॉर्माल्डिहाइडसारख्या वायूंवर केलेलं होतं. ऑक्सिजनचा त्यात संबंध नव्हता, आणि खिडक्या-दारांच्या घराला ते तसंच्या तसं लागू होत नाही.

स्नेक प्लांटची गोष्ट अर्धी खरी आहे, म्हणूनच ती फसवते. कोरड्या प्रदेशातली काही झाडं, म्हणजे निवडुंग, घायपात, अननस, पानफुटी आणि हे स्नेक प्लांट, पाणी वाचवायला पर्णरंध्रं, म्हणजे पानावरची बारीक छिद्रं, दिवसा मिटून रात्री उघडतात. रात्री कार्बन डायऑक्साइड आत घेतात, मॅलिक आम्लाच्या रूपात साठवून ठेवतात आणि दुसऱ्या दिवशी दार लावून, उजेडात त्याची साखर करतात. म्हणजे रात्री ती कार्बन डायऑक्साइड घेतात हे बरोबर. पण ऑक्सिजन? तो पाणी फुटल्यावर येतो आणि पाणी फोडायला प्रकाश लागतो. अंधारात ऑक्सिजन सोडणारं झाड नाही. तुळस नाही, पिंपळ नाही, स्नेक प्लांटही नाही. तुळस लावा, पूजा करा, पण कारण हे देऊ नका.

या आंबट साठ्याचा एक जुना, प्रसिद्ध लेखी पुरावा आपल्याच देशातला आहे. बेंजामिन हेन नावाच्या, भारतात काम करणाऱ्या वनस्पतिशास्त्रज्ञाने 1813 मध्ये लंडनच्या लिनियन सोसायटीला कळवलं, की पानफुटीचं पान सकाळी आंबट लागतं आणि दुपारी बेचव. विद्यार्थी असताना मीही चावून पाहिलं आणि थुंकलं. खरंच तसं लागतं. पण पानफुटीत हृदयावर परिणाम करणारी द्रव्यं असतात, तेव्हा मुलीला चाखायला लावू नका. आम्लता मोजायच्या कागदी पट्ट्या प्रयोगशाळेचं साहित्य विकणाऱ्या दुकानात मिळतात. एकाच रोपाचं एक पान सकाळी सहाला आणि एक दुपारी तीनला ठेचून रस पट्टीवर लावायचा. रोप दिवसभर उन्हात हवं. पावसाळी दिवशी फरक कमी दिसेल, आणि मग ‘पुस्तक खोटं’ असा निकाल लागेल. हायड्रिला या पाणवनस्पतीचे बुडबुडे मोजायच्या प्रात्यक्षिकात माझा जुलै महिना असाच वाया जायचा, शेवटी टेबललॅम्प आणि चिमूटभर खायचा सोडा यावर भागवायला लागलो.

आता सासूबाईंची बाजू, कारण त्यांचं म्हणणं हवेतून आलेलं नाही. 1771 मध्ये प्रिस्टलीने इंग्लंडमध्ये दाखवलं, की मेणबत्तीने बिघडलेली हवा पुदिन्याची डहाळी सुधारते. 1779 मध्ये इंगेनहाउझ या डच डॉक्टरने त्यात प्रकाशाची अट शोधली, आणि अंधारात झाडं हवा बिघडवतात हे थेट पुस्तकाच्या नावातच घातलं. म्हणजे सासूबाईंची भीती अडीचशे वर्षं जुनी आणि छापील आहे. चूक आहे ती फक्त प्रमाणाची.

जिथे प्रमाण मोठं आणि हवा कोंडलेली, तिथे ही भीती अगदी खरी ठरते. आमच्याकडे हरिपूरची हळदीची पेवं (जमिनीखालची कोठारं) प्रसिद्ध आहेत, पण मी सांगतोय ते धान्याच्या पेवांचं. हळद शिजवून वाळवलेली असते, तिच्यातला जीव गेलेला असतो. ज्वारीचा दाणा मात्र जिवंत असतो. जमिनीखाली बंद पेवात दाणे, बुरशी, किडे सगळे मिळून महिनोन्‌महिने ऑक्सिजन संपवतात आणि कार्बन डायऑक्साइड साठवतात. म्हणून जुनी माणसं पेव उघडल्याबरोबर आत उतरत नसत. तोंड उघडं ठेवायचं, हवा खेळू द्यायची, कंदील सोडून पाहायचा. तरीही पेवात माणसं दगावलेली आहेत. पडक्या विहिरीत किंवा बंद टाकीतही हाच धोका असतो, आणि नुसत्या कंदिलावर विसंबून आज कुणी उतरू नये. कोकणातल्या वाचकांनी आंब्याच्या अढीत हात घालून पाहिला असेल. पेंढ्याच्या आत जी ऊब लागते, ती पिकताना आंब्याचं श्वसन वाढल्यामुळे.

उलट, पिंपळाखाली रात्री झोपू नये म्हणतात ते कार्बन डायऑक्साइडमुळेच, आणि मुंजाची गोष्ट पूर्वजांनी त्यासाठीच रचली, हे आजकाल फार ऐकू येतं. मला ते पटत नाही. उघड्यावर वायू साठतच नाही. मुंजाला मुंजाच राहू द्यावं.

ही सगळी चर्चा पानांची झाली. कुंडीतलं झाड बहुतेक वेळा मरतं ते मुळांच्या श्वसनावरून. मुळं अंधारात असतात, हरितद्रव्य नाही, म्हणजे स्वतःची कमाई शून्य. साखर पानांकडून येते, पण ऑक्सिजन त्यांना मातीतल्या पोकळ्यांमधून जागेवरच लागतो. रोज प्रेमाने पाणी घातलं की त्या पोकळ्या भरतात, आणि पाण्यातून ऑक्सिजन हवेच्या मानाने अत्यंत सावकाश सरकतो. मुळं गुदमरतात, कुजतात, वर पानं माना टाकतात. आपल्याला वाटतं तहान लागली, आपण आणखी पाणी घालतो. खाडीकाठच्या चिखलातल्या तिवरांनी यावर तोड म्हणून मुळंच पेन्सिलींसारखी चिखलाबाहेर काढली आहेत. तुमच्या कुंडीतल्या रोपाला ती सोय नाही.

म्हणून कुंड्या कोपऱ्यातून खिडकीजवळ आणा, आणि बोट दोन पेरं मातीत घालून कोरडं लागलं तरच पाणी द्या. स्नेक प्लांटला तर पावसाळ्यात पंधरा दिवस नाही दिलं तरी चालतं. मुलीने पट्ट्यांचा प्रयोग केला तर सकाळचा आणि दुपारचा रंग कळवा. पान कोणत्या महिन्यातलं आणि कुंडी कुठल्या दिशेच्या खिडकीत होती, तेही लिहा.